पहिल्या वर्षात पाच विषय राहिले होते, आता मास्टर्सला अर्ज करायचाय. त्या वर्षाचं काय लिहू?

चिखलीकर_02 यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकल, 2024 ला पास. दीड वर्ष झालं, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला आहे. मास्टर्स करायचंय, मेटलर्जी किंवा मटेरियल्समध्ये. कॉलेजात कास्टिंग म्हणजे एका युनिटचे काही मार्क होते, ते पाठ करून मोकळे झालो. इथं आल्यापासून झोपेतही ब्लो होल (ओतलेल्या लोखंडात वायूनं पडणारी भोकं) दिसतात.

अडचण मार्कशीटची आहे. सेमिस्टरवार सांगतो: 5.1, 5.6, 6.4, 7.2, 7.9, 8.3, 8.7, 9.0. एकूण सीजीपीए 7.28. पहिल्या वर्षात पाच विषय राहिले: एम-वन (पहिल्या सत्राचं गणित), मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, एम-टू आणि ग्राफिक्स. एम-वन तिसऱ्या प्रयत्नात सुटला. आणि आमच्या बॅचचं पहिलं वर्ष म्हणजे लॉकडाऊनचं, 2021. परीक्षा ऑनलाइन. वर्गातली झाडून सगळी पोरं ऑनलाइन पास झाली आणि मी ऑनलाइन नापास झालो. अजून पोरं त्यावरून खेचतात.

आता खरं कारण. लेक्चर मोबाइलवर असायचं. मी ते चालू करायचो, म्यूट करायचो आणि मामाच्या गुऱ्हाळावर चुलवाणापाशी जाऊन बसायचो. मामानं कामाला लावलं होतं असंही नाही. मला तिथं बसायला आवडायचं. गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघतो, ते तासन्‌तास बघत बसायचो. खिशातल्या मोबाइलवर सर इंटिग्रेशन शिकवत असायचे. हजेरी लागायची.

त्याच वर्षी जुलैत पूर आला. आमचं घर प्रयाग चिखलीत. जनावरं घेऊन आम्ही सोनतळीला गेलो, घरात कमरेएवढं पाणी होतं. हे सगळं खरं आहे. पण माझी पुस्तकं माळ्यावर होती आणि कोरडी राहिली. पुराच्या आधीही मी ती उघडली नव्हती, हेही तितकंच खरं.

मागच्या महिन्यात शहरातल्या एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो. एसी ऑफिस, भिंतीवर झेंडे. ते म्हणाले, पूर अधिक कोविड, एकदम स्ट्राँग स्टोरी आहे, आम्ही एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं अर्जातलं निवेदन) लिहून देतो, 15 हजार. नमुना म्हणून दुसऱ्या एका मुलाचं दाखवलं. त्यात पहिलंच वाक्य होतं की लहानपणी त्यानं खेळण्यातली मोटार उघडून बघितली आणि तेव्हापासून त्याला इंजिनिअर व्हायचं होतं. मी कधीच काही उघडून बघितलं नाही.

घरी येऊन दोनदा लिहायला बसलो. पूर लिहिला की आपण कुणाचंतरी दुखणं चोरतोय असं वाटतं, कारण गल्लीत ज्यांच्या म्हशी गेल्या ती माणसं रोज समोर दिसतात. आणि न लिहावं तर 5.1 कसा झाकायचा?

तर प्रश्न असे. त्या वर्षाबद्दल लिहायचं का, किती लिहायचं? गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) द्यावी की जर्मनी बघावं? आणि क्वालिटीतली दीड वर्षं अर्जात धरतात का? काम तसं रोजचंच आहे: रिजेक्शन मोजा, रिपोर्ट भरा, सँडची आर्द्रता बघा. मध्ये सुट्टीनंतरच्या पाळीत रिजेक्शन का वाढतं याची तीन महिने वहीत नोंद ठेवली होती, त्यातून थोडा फरक पडला. बाकी विशेष काही नाही.

वडिलांची दोन एकर आहे, उसाची. त्यामुळे खर्चाचंही बोला.

---

कट_जास्त_पाव_कमी

भावा, लय इचार करायलाईस. नोकरी हाय न्हवं? लोकांना शिरोलीत आत घ्यायला तयार न्हाईत आन्‌ तू बाहेर पडायच्या गोष्टी करतोस. दोन वर्सं थांब, सुपरवायझर होशील. न्हाईतर एमपीएससीचा फॉर्म भर, त्यात सेमिस्टर कोण इचारत न्हाई. 15 हजार मात्र त्या झेंडेवाल्याला देऊ नको. त्यात वर्सभर मिसळ खा.

---

गेटकर

वरच्या भावाला नमस्कार, पण एमपीएससी हे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नव्हे.

मी पण मेकॅनिकल, आता एका आयआयटीत मटेरियल्सला एमटेक करतोय. गेटचं थोडक्यात सांगतो. तिथं तुझा 5.1 जवळजवळ कुणी बघत नाही. सीजीपीए लागतो तो पात्रतेपुरता, बहुतेक ठिकाणी 6 ते 6.5 किंवा 60 टक्क्यांच्या आसपास, आणि तू त्याच्या वर आहेस. पुढं सगळं स्कोअरवर. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे एकदा चांगला आला की नोकरी सांभाळून अर्ज करता येतात. एमटेकला गेटवर गेलास तर महिना 12,400 स्टायपेंड. घरी पैसे पाठवता येणार नाहीत, पण घरातून मागवावेही लागत नाहीत.

मेकॅनिकलवाल्याला मेटलर्जीचा पेपर देता येतो. पण कुठल्या विभागाला कुठला पेपर चालतो ते आधी बघ, मगच फॉर्म भर. फॉर्म साधारण ऑगस्टच्या शेवटापासून निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. आयआयटीच्या ऑफर सीओएपी या पोर्टलवर येतात, एनआयटीच्या सीसीएमटी या प्रवेशफेरीतून.

आता वाईट बातमी. 100 पैकी 15 मार्क अ‍ॅप्टिट्यूडचे आणि 13 इंजिनिअरिंग मॅथ्सचे. लिनिअर अल्जेब्रा, कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन. म्हणजे कोण ते ओळखलंस ना? एम-वन. तो काही तुला सोडत नाही.

एक अजून: एमएस बाय रिसर्च किंवा आयआयएससीच्या रिसर्चच्या जागांना मुलाखत असते. तिथं मात्र मार्कशीट समोर ठेवून विचारतात. मला विचारलं होतं, सेकंड इयरला काय झालं होतं? मी म्हणालो, अभ्यास केला नव्हता सर. ते हसले आणि फेज डायग्राम काढायला सांगितला. तो आला असता तर बरं झालं असतं.

---

डबा_आणि_वाचनमंदिर

चिखलीकर, तुझा प्रश्न सकाळी ट्राममध्ये वाचला आणि मग उतरायचा स्टॉप गेला. म्हणून सविस्तर लिहिते.

माझं तुझ्यापेक्षा वाईट होतं. मी 2013 ची बॅच, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्या वर्षाचे इतके विषय राहिले की वायडी लागली, म्हणजे अख्खं वर्ष गेलं. घरी सांगायची हिंमत झाली नाही. जवळजवळ सहा महिने रोज सकाळी डबा घेऊन कॉलेजला म्हणून निघायचे आणि भवानी मंडपात उतरून करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायचे. पंख्याखालच्या खुर्चीसाठी पेपर वाचणाऱ्या आजोबांशी रोज शर्यत. दुपारी डबा खायचा, परत आत. एम-वन मी कॉलेजात शिकलेच नाही, तिथं शिकले. अकरावीच्या पुस्तकापासून, लिमिटपासून. घरी कळलं ते आत्यामुळे. तिनं मला महाद्वार रोडला भर अकरा वाजता बघितलं.

2018 ला पास झाले, गोकुळ शिरगावात दोन-अडीच वर्षं एका फौंड्रीच्या लॅबमध्ये काढली, 2021 ला जर्मनीत फ्रायबर्गला आले. सॅक्सनीतलं छोटं गाव आहे. 1765 साली खाणकामाचं शिक्षण देण्यासाठी सुरू झालेलं विद्यापीठ, अजून फौंड्रीची स्वतंत्र इन्स्टिट्यूट चालवतं. आता मास्टर्स संपवून दुसऱ्या शहरात नोकरी करते. हे सांगायचं कारण एवढंच की तुझी शिरोली आणि माझं फ्रायबर्ग यांत वाटतं तेवढं अंतर नाही. दोन्हीकडे लोक नोड्युलॅरिटीवरूनच (लोखंडातलं ग्रॅफाइट किती गोल झालंय यावरूनच) भांडतात.

आता तुझं. पोस्टमध्ये पुरावर एक परिच्छेद, कन्सल्टन्सीवर एक, गुऱ्हाळावर एक. आणि शेवटाकडे, रिपोर्ट भरण्याच्या ओळीला चिकटून, एक वाक्य: सुट्टीनंतरच्या पाळीत रिजेक्शन का वाढतं याची तीन महिने नोंद ठेवली. वर "बाकी विशेष काही नाही"! अरे, तुझ्या अख्ख्या पोस्टमध्ये विशेष असं तेवढंच आहे.

मला नीट सांग. काय दिसलं तुला? कुठला दोष? काय बदललंस? आकडे काय? उत्तर आलं की एसओपीचं पुढचं बोलू.

तोवर त्या वर्षाबद्दल. लिहायचं. दोन ओळी, तीन फार झाल्या. काय झालं, का झालं, पुढं काय केलंस. पूर लिहू नकोस. तुलाच तो लिहिताना कसंतरी होतंय, आणि ते वाचणाऱ्याला कळतं. ज्याचं वर्ष खरंच पुरानं नेलं त्यानं जरूर लिहावं, त्याचा तो हक्क आहे. तुझा एम-वन पंचगंगेनं नेलेला नाही. तो चुलवाणापाशी गेला. आणि हो, गुऱ्हाळातल्या आगीपासून भट्टीतल्या लोखंडापर्यंत असं काहीतरी वाक्य तुला सुचलं असेल किंवा आता सुचेल. नको. ती त्या खेळण्यातल्या मोटारीचीच बहीण.

मी पहिल्या खेपेला काय केलं सांगू? वायडीचं वर्ष लपवलं. तारखा अशा मांडल्या की कुणी मोजणार नाही. एका ठिकाणाहून ईमेल आला, अमुक ते अमुक काळात आपण काय करत होता? तीन ओळींत खरं लिहून पाठवलं. तिथून नकारच आला, पण त्या तीन ओळी पुढच्या वर्षी जशाच्या तशा सगळ्या अर्जांत वापरल्या. नवीन काही लिहावं लागलं नाही.

त्या पहिल्या वर्षी चार अर्ज केले, चारही फेटाळले. मी धरून चालले होते की वायडीमुळे. पत्रं नीट वाचली तेव्हा दिसलं, दोघांनी तर माझं एसओपी उघडण्याआधीच बाद केलं होतं: मटेरियल्सच्या विषयांचे क्रेडिट कमी. इथं बऱ्याच ठिकाणी पहिली चाळणी तीच असते. तू बॅचलरला गणित किती, भौतिक-रसायन किती, मटेरियल्स किती शिकलास, ते विषयवार जुळवून बघतात. मेकॅनिकलवाल्याचं तिथं अडतं. म्हणून सिलॅबसच्या प्रती हव्यात, कॉलेजच्या शिक्क्यासह, प्रत्येक विषयाच्या तासांसकट. मी कॉलेजात गेले तेव्हा खिडकीतले काका म्हणाले, "पास झालीस न्हवं, आता सिलॅबस कशाला?" चार चकरा. पाचव्या चकरेला मी पेढे घेऊन गेले आणि दहा मिनिटांत शिक्के बसले. दुसऱ्या वर्षी मला प्रवेश मिळाला तोही अट घालून, बॅचलरचे दोन विषय इथं पहिल्या वर्षात पास करायचे. चालतं. घ्यायचा.

आता तुझा 7.28. जर्मन श्रेणीत 1 सगळ्यात चांगली, 4 म्हणजे काठावर पास. सूत्र असं: कमाल गुणांतून तुझे गुण वजा, भागिले कमाल वजा किमान पास गुण, गुणिले 3, अधिक 1. कमाल 10 आणि पासिंग ग्रेड पॉइंट 4 धरला तर तुझं येतं 2.36. तोच पासिंग 5 धरला तर 2.63. बऱ्याच कोर्सना 2.5 ची रेघ असते. म्हणजे तू रेघेच्या अलीकडे की पलीकडे हे तुझ्या पहिल्या वर्षावर नाही, त्या एका आकड्यावर ठरू शकतं! तुमच्या मार्कशीटच्या मागं ग्रेडचा तक्ता असेल, त्यात सगळ्यात खालचा पास ग्रेड किती पॉइंटचा ते आजच बघ. तक्ता नसेल किंवा पुसट असेल तर परीक्षा विभागाकडून तेवढ्या एका ओळीचं पत्र घे. माझ्या ओळखीच्या एकीनं हे पत्र जोडलं नव्हतं, तिचा पासिंग त्यांनी मनानं 5 धरला.

आमच्या वेळी एपीएस सर्टिफिकेट (कागदपत्रं तपासल्याचा दाखला) नव्हतं. 2022 च्या नोव्हेंबरपासून भारतातल्या विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे, फी 18 हजार, आणि वेळ हाताशी ठेवूनच अर्ज करायचा. कागदपत्रं ते तपासतात, त्यामुळे लपवालपवीचा प्रश्नच मिटतो.

खर्च. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही, सेमिस्टरचं किरकोळ शुल्क असतं. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही फी सुरू केलीय. खरा डोंगर म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट: वर्षाचे 11,904 युरो आधी भरून दाखवायचे, मग महिन्याला 992 तुला मिळत राहतात. युरो शंभरच्या आसपास धर आणि हिशेब कर, 12 लाखांच्या घरात जातं. आम्ही कर्ज काढलं. बाबांनी शेत तारण ठेवायची तयारी दाखवली होती, मी नको म्हणाले, त्यावरून आठ दिवस बोलले नाहीत. शिष्यवृत्त्या बघ: समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे, मराठा मुलामुलींसाठी सारथी या सरकारी संस्थेची आहे, आणि सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. अटी दरवर्षीच्या जाहिरातीत वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

गेट की जर्मनी? दोन एकर आणि कर्ज नको असेल तर आधी गेट. दोन्हीचा अभ्यास एकमेकांच्या आड येत नाही.

आणि नोंदवहीचं सांग. वाट बघतेय.

---

चिखलीकर_02

ताई, मार्कशीट उलटी करून बघितली. तक्ता आहे. सगळ्यात खाली पी, 4 पॉइंट. आईला वाटलं मला नोकरीचा कॉल आला, एवढ्यानं ओरडलो.

वहीचं सांगतो. आमच्याकडं एक ब्रॅकेट आहे, एसजी आयर्नची (गोल ग्रॅफाइटच्या बिडाची). तिच्यात ब्लो होल यायचे. महिन्याच्या रिपोर्टमध्ये रिजेक्शन शेकडा सहाच्या आसपास दिसायचं आणि सगळे म्हणायचे, चालायचंच. मी पाळीवार मांडलं तेव्हा दिसलं, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीत ते अकरा-बारावर जातं आणि दुपारनंतर खाली येतं. आधी वाटलं, सुट्टीनंतर पोरं आळसात असतात. वरचे साहेबही तेच म्हणाले.

मग सँड प्लँटवर जाऊन उभा राहिलो. मुलरवर (वाळू मळायच्या यंत्रावर) एक मामा आहेत, वीस वर्षं तिथंच. ते पाणी अंदाजानं सोडतात आणि वाळू मुठीत दाबून बघतात. त्यांची मूठ चुकत नाही, पण ती रोजच्या वाळूवर बसलेली. रोज वाळू गरम परत येते, त्यातलं बरंच पाणी वाफेनं उडून जातं, म्हणून ते तेवढं जास्त सोडतात. सुट्टीत वाळू थंड झालेली असते, पाणी उडत नाही, आणि मामा सवयीनं तेवढंच सोडतात. साच्यात ओल जास्त, मग लोखंड ओतलं की वायू धरतो. आर्द्रता मोजली तर रोजची साडेतीनच्या आत, त्या सकाळी साडेचारच्या वर.

उपाय काहीच भारी नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाच बॅच मीटरवर मोजून सोडायच्या, मगच मामांच्या मुठीवर जायचं. मामा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता ते स्वतःच मीटर मागवतात. त्या पाळीचं रिजेक्शन आता पाच-सहावर असतं. तीन महिने, तेरा सुट्ट्या, शंभर पानी वही.

हे एसओपीत लिहायचं? हे फार साधं नाही का?

---

निवृत्त_धातुशास्त्री

तीसएक वर्षं मेटलर्जी शिकवली, मुलांसाठी शिफारसपत्रं भरपूर लिहिली, आणि प्रवेशाच्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडेही बसलो. म्हणून दोन शब्द.

हे साधं आहे, आणि तुम्ही ते कुणी न सांगता केलंत. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला नेमकं हेच शोधायचं असतं. लिहा. आणि मामांची मूठ गाळू नका. ती गाळलीत तर उरेल ते फक्त एक प्रोजेक्ट रिपोर्ट.

शिफारसपत्रांबद्दल. मुलं माझ्याकडे तयार पत्र घेऊन यायची: हुशार, मेहनती, नम्र, सर्वांशी मिळून मिसळून राहणारा. मी विचारायचो, हा कोण? एकदा एका मुलानं टेन्साइल टेस्टचा (धातू ओढून तोडायच्या चाचणीचा) नमुना चुकीच्या जागी तोडला. शनिवारी सुट्टी असताना परत आला, चुकीचं कारण शोधून. जबड्यात नमुना तिरका बसत होता. त्याचे मार्क बेतास बात होते. मी त्याच्याबद्दल अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं, त्यात फक्त तो शनिवार. दुसरं काही लिहायची गरज पडली नाही.

तेव्हा तुमचा प्रोजेक्ट गाइड कोण होता त्यांच्याकडे जा, पण सगळ्या मार्कशीट घेऊन जा, पहिल्या वर्षाच्यासुद्धा. त्यांना सांगा की यावर एक ओळ लिहा. विद्यार्थी स्वतःच्या घसरगुंडीवर बोलतो तेव्हा ती सबब वाटू शकते, शिक्षक बोलला की ती माहिती होते. दुसरं पत्र फौंड्रीतल्या साहेबांचं, ज्यांनी "पोरं आळसात असतात" म्हटलं होतं त्यांचंच. ते स्वतः लिहितील की आपण चुकलो होतो, तर त्याहून चांगलं पत्र नाही.

परदेशी अर्जात शिफारसपत्र चढवायची लिंक थेट आमच्या कॉलेजच्या किंवा कंपनीच्या ईमेलवर येते. मुलं सरांच्या नावानं जीमेल उघडून स्वतःच पत्र चढवतात. हे मी पाहिलेलं आहे. करू नका, आणि कन्सल्टन्सी करून देत असेल तर तिथून उठून या.

अमेरिकेचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. तिथं बऱ्याच विद्यापीठांची 4 पैकी 3.0 ची अट असते, पण काही ठिकाणी शेवटच्या 60 क्रेडिटची सरासरी वेगळी बघतात. तुमची शेवटची चार सेमिस्टर 8.47 च्या आसपास येतात, पहिली दोन 5.35. अशा चढत्या मार्कशीटला तिथं किंमत आहे. मात्र खर्च पाहता दोन एकरांवर तो विचार फंडिंगशिवाय करू नये.

आणि एम-वन. तो तिसऱ्या प्रयत्नात सुटला म्हणता, पण आला का? मास्टर्सच्या पहिल्याच महिन्यात डिफ्यूजनचं समीकरण समोर येतं. तिथं ऑनलाइन परीक्षा नाही.

---

चिखलीकर_02

सर, खरं सांगतो, सुटला, आला नाही. गेटच्या निमित्तानं लिमिटपासून धरलाय. वाचन मंदिर लांब पडतं, पण पाळी संपली की गंगावेशीत दूध कट्ट्यावर एक ग्लास मारून तासभर जातो तिथं. आजोबा अजून आहेत ताई. पंख्याखालीच बसतात.

साहेबांना पत्राचं विचारलं. म्हणाले, "मी आळसात म्हणालो होतो व्हय?" मग हसले. लिहितो म्हणालेत.

त्या वर्षाच्या ओळी लिहिल्यात. बघा:

"2021 मध्ये पहिल्या दोन सत्रांत दुर्दैवाने माझे पाच विषय राहिले. वर्ग मोबाइलवर होते आणि मी ते ऐकत नव्हतो. दुसऱ्या वर्षापासून वर्गात बसलो, पाचही विषय सोडवले, शेवटच्या सत्रात 9.0 आले, गणिताचा पाया आता पुन्हा घालतो आहे."

---

डबा_आणि_वाचनमंदिर

"दुर्दैवाने" काढ.

बाकी जाऊ दे तसंच. आणि आजोबांना म्हणावं, डबेवाली विचारत होती.

---

चिखलीकर_02

काढला.

उद्या सुट्टीनंतरची पहिली पाळी आहे, सहाला पोचायचंय. मामांनी आत्ताच फोन करून विचारलं, मीटरचा सेल बदललास का म्हणून.